एकाच दुकानातले दोन फोन, अपडेट मात्र एकालाच: वाट पाहावी की हाताने बसवावे?

प्रश्न : पंचगंगातीर

नमस्कार. गेल्या दिवाळीत मी आणि माझ्या वहिनीने इचलकरंजीतल्या एकाच दुकानातून एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे फोन घेतले. रंग सोडला तर दोन्ही फोनांत काहीही फरक नाही, आणि दोघींची सिमकार्डेही एकाच कंपनीची आहेत. अलीकडे कंपनीने नव्या अँड्रॉइड आवृत्तीची घोषणा केली, वहिनीच्या फोनवर अपडेट आले, तिने ते रात्री बसवले आणि आता ती नवी आवृत्ती वापरते आहे. माझ्या फोनवर मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन तपासले की ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ एवढेच उत्तर येते. कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारले तेव्हा अपडेट टप्प्याटप्प्याने येणार असल्याचे सांगण्यात आले. पण सध्या कोणता टप्पा चालू आहे आणि माझा फोन कोणत्या टप्प्यात मोडतो, हे सांगण्याइतकी माहिती तिथे कोणाकडेच नव्हती.

यूट्यूबवर शोधल्यावर दोन उपाय सापडले. ‘गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क’ या अ‍ॅपचा डेटा पुसून पुन्हा तपासले की अपडेट लगेच येते, असे एक जण सांगतो. दुसऱ्याने व्हिडिओखाली थेट अपडेटच्या फाइलची लिंक दिली आहे आणि ती हाताने कशी बसवायची हे दाखवले आहे. यांपैकी काही करावे का?

दुसरा प्रश्न बाबांच्या फोनचा आहे. आमच्या किराणा दुकानात यूपीआयने येणारे सगळे पैसे त्यांच्या फोनशी जोडलेल्या खात्यात जमा होतात आणि व्यवहाराची खातरजमा त्याच फोनवर होते. मागच्या अपडेटनंतर तो फोन काही दिवस तापत होता आणि बॅटरी दुपारीच उतरत होती, तेव्हापासून बाबा कोणतेही अपडेट घेऊ देत नाहीत. सूचना आली की बाजूला सारतात. मला एकीकडे अपडेट मिळत नाही आणि दुसरीकडे मिळालेले अपडेट घरात घेतले जात नाही. या दोन्हींमागे नेमकी पद्धत काय असते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.


उत्तर : मुळाकाठ

मी पुण्यात एका कंपनीच्या अशाच विभागात काम करतो, जिथून सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या ग्राहकांच्या उपकरणांवर सोडल्या जातात. आमची उपकरणे फोन नाहीत, टीव्हीचे सेट-टॉप बॉक्स आहेत. पण आवृत्ती सोडण्याची रीत जवळपास तीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ या वाक्याचा अर्थ एवढाच असतो की या क्षणी सर्व्हरकडे तुमच्या फोनला देण्यासाठी काही नाही. नवी आवृत्ती अस्तित्वात नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. फोन ठरावीक काळाने सर्व्हरशी बोलतो, आपली ओळख, मॉडेल आणि सध्याची आवृत्ती कळवतो, आणि सर्व्हर त्या ओळखीवरून हा फोन चालू टप्प्यात आहे की नाही हे ठरवतो. ही निवड सहसा यादृच्छिक असते. फोन कधी घेतला, कोणत्या दुकानातून घेतला किंवा कोणी आधी विचारले, याचा तिच्याशी संबंध नसतो. गूगलमधले अँड्रॉइडचे अभियंते डॅन मॉरिल यांनी २०१३ मध्ये एका जाहीर चर्चेत ही पद्धत सांगितली होती. नवी आवृत्ती आधी १ टक्का उपकरणांना दिली जाते, एक-दोन दिवस त्यांच्याकडून येणाऱ्या त्रुटींच्या नोंदी पाहिल्या जातात, मग २५, ५० आणि १०० टक्के अशी ती आठवड्या-दोन आठवड्यांत वाढवली जाते. एखाद्या टप्प्यात तुमच्या फोनची निवड झाली नसेल, तर त्या टप्प्यात बटण कितीही वेळा दाबले तरी उत्तर बदलत नाही. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, काही कंपन्या तर बटण दाबणाऱ्याला खरोखरच आधी देतात, पण साचा हाच आहे.

फ्रेमवर्कचा डेटा पुसण्याचा सल्ला त्याच चर्चेच्या वेळीही जोरात फिरत होता आणि तो का पाळू नये, हे मॉरिल यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. तो डेटा पुसला की गूगलच्या दृष्टीने तुमच्या फोनची मूळ ओळखच बदलते. त्या ओळखीच्या आधारे अ‍ॅप्सना सूचना पाठवण्याची जी सोय असते, ती मोडते, आणि मग संदेश किंवा व्यवहाराच्या सूचना उशिरा येणे, न येणे, असे प्रकार सुरू होतात. ज्या घरात दुकानाचे पैसे फोनवरच्या सूचनेवर विसंबून आहेत, तिथे हा प्रयोग चुकूनही करू नये.

आता मुळात टप्पे का पाडतात, याविषयी. प्रयोगशाळेत आम्ही शेकडो चाचण्या करतो, पण लोकांच्या घरातली परिस्थिती तिथे जशीच्या तशी उभी करता येत नाही. काठोकाठ भरलेले स्टोरेज, तीन वर्षे वापरलेली बॅटरी, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, कुठून तरी उतरवलेले कीबोर्डचे अ‍ॅप, मध्येच जाणारी वीज, या सगळ्यांचा मेळ प्रत्यक्ष वापरातच दिसतो. आवृत्ती सोडल्यावर आमच्यासमोरच्या फलकावर अनेक आकडे असतात. अ‍ॅप बंद पडण्याचे प्रमाण, पुन्हा सुरू होण्याची वेळ, मदत क्रमांकावरच्या तक्रारी. पण माझी नजर सर्वांत आधी एका आकड्यावर जाते: ज्या उपकरणांनी अपडेट उतरवून घेतले, बसवायला सुरुवात केली आणि त्यानंतर सर्व्हरशी पुन्हा बोललीच नाहीत, अशी किती? ज्याला त्रुटी आली तो निदान त्रुटी कळवतो. जो गप्प झाला, तो कदाचित एखाद्याच्या घरात बंद पडून आहे आणि आपल्याला त्याचे कारणही ठाऊक नाही. तो आकडा नेहमीपेक्षा किंचितही वर गेला की आम्ही आधी वितरण थांबवतो आणि मग कारण शोधतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण विंडोजचे आहे. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे अपडेट मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबरला खुले केले आणि चार दिवसांत थांबवले, कारण काही लोकांच्या फाइली नाहीशा झाल्या होत्या. ज्यांनी पूर्वी आपला ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवला होता, पण काही फाइली जुन्याच जागी राहू दिल्या होत्या, त्यांची ती जुनी जागा अपडेटने निरुपयोगी समजून आतल्या फाइलींसकट पुसून टाकली. अशा तक्रारींचे प्रमाण कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ०.०१ टक्का होते, म्हणजे दहा हजारांत एक. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु त्या काळी विंडोज १० सुमारे ७० कोटी यंत्रांवर चालत होते आणि ते अपडेट सगळ्यांना एकदम गेले असते, तर त्याच प्रमाणाने सत्तर हजार लोकांच्या फाइली गेल्या असत्या. मला त्या प्रकरणातली याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. चाचणीत भाग घेणाऱ्या काही वापरकर्त्यांनी हा दोष आधीच कळवला होता, पण त्या नोंदी थोड्या होत्या आणि इतर असंख्य नोंदींत दबून गेल्या. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नोंद करताना तिची तीव्रता सांगण्याची सोय केली. अपडेट पुन्हा खुले व्हायला १३ नोव्हेंबर उजाडला.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. त्या चार दिवसांत ते अपडेट फक्त त्यांनाच मिळाले होते, ज्यांनी स्वतःहून ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबले होते. अ‍ॅपलचीही पद्धत अशीच आहे. नवी आवृत्ती आधी सेटिंग्जमध्ये जाऊन शोधणाऱ्यांना मिळते आणि आपोआप अपडेटची सोय चालू ठेवणाऱ्यांपर्यंत ती एक ते चार आठवड्यांनी पोहोचते, असे अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर-प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी २०२२ मध्ये एका ग्राहकाला कळवले होते. म्हणजे जिथे बटण दाबणाऱ्याला आधी दिले जाते, तिथे बटण दाबणारा माणूस पहिल्या तुकडीत जायला स्वतःहून तयार झाला, असेच धरले जाते. वहिनी त्या तुकडीत आपोआप गेल्या. आपण गेला नाहीत, याचे वाईट वाटून घेण्याचे काही कारण नाही.

बाबांचा फोन तापण्याबद्दलही सांगतो. नव्या फोनांत अपडेट बसल्यानंतरही पडद्याआड बरेच काम उरलेले असते. नव्या आवृत्तीचे भाग कायमच्या जागी जोडले जातात, प्रत्येक अ‍ॅप नव्या आवृत्तीसाठी पुन्हा तयार केले जाते, फोटोंची सूची नव्याने केली जाते. हे काम फोन चार्जिंगला लावलेला आणि स्वस्थ असताना उरकण्याचा फोनचा प्रयत्न असतो. दिवसभर वापर चालू राहिला, तर ते लांबत जाते. म्हणून पहिले काही दिवस फोन तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. आठवडा उलटूनही तसेच राहिले, तर मात्र दोष आहे असे समजून तक्रार नोंदवावी.


उत्तर : गोदाघाट

माझे नाशिकमध्ये मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. वर जी पद्धत सांगितली आहे, तिचे दुसरे टोक आमच्या टेबलावर येते, म्हणून त्या बाजूने लिहितो.

व्हिडिओखालच्या लिंकवरून फाइल घेऊन बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या फोनचे भारतासाठीचे, युरोपसाठीचे आणि आखाती देशांसाठीचे सॉफ्टवेअर वेगवेगळे असते आणि कधीकधी आतली चिपही वेगळी असते. चुकीची फाइल बसली, तर फोन लोगोवरच थांबतो, आणि मग सॉफ्टवेअर मारायचे, म्हणजे नव्याने भरायचे, म्हटले की आतला सगळा डेटा जातो. ग्राहक आम्हाला ‘फोन डेड झाला’ असे सांगतो. फोन आम्ही बहुतेक वेळा जिवंत करून देऊ शकतो, फोटो मात्र परत आणून देता येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एक बाई असाच लोगोवर थांबलेला फोन घेऊन आल्या होत्या. त्यात त्यांच्या दिवंगत सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्यांचे रेकॉर्डिंग होते आणि त्याची प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. ‘फोन नाही मिळाला तरी चालेल, तेवढे काढून द्या,’ असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आताच्या फोनांत आतला डेटा कुलूपबंद असतो आणि फोन सुरू झाल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही, हे त्यांना सांगणे मला फार जड गेले.

अपडेटनंतर माझ्याकडे येणाऱ्या फोनांत काठोकाठ भरलेले स्टोरेज ही सर्वांत नेहमीची गोष्ट असते. अपडेट उतरवून घ्यायला, उघडायला आणि नव्या-जुन्या भागांची अदलाबदल करायला मोकळी जागा लागते; गुड मॉर्निंगचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ यांनी फोन भरलेला असेल, तर तो आधीच रखडत असतो, आणि अपडेटनंतर ते ठळकपणे जाणवते. फुगायला लागलेली बॅटरी हे दुसरे कारण. तिच्यावर एवढे काम एकदम पडले की फोन मध्येच बंद होतो. बाबांच्या फोनची पाठ थोडी उचललेली दिसत असेल, तर अपडेटचा विचार नंतर करा, आधी बॅटरी तपासून घ्या.

पडद्यावर पडणाऱ्या हिरव्या रेघेबद्दलही लोक विचारतात, कारण अनेकांना ती अपडेटनंतरच दिसली आहे. रेघ अपडेटमुळेच पडते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोष पडद्याच्या जोडणीत असतो, आणि अपडेटच्या वेळी तापलेला फोन तो दोष उघडा पाडत असावा, असा माझा अंदाज आहे. वनप्लस आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांनी भारतात काही ठरावीक मॉडेलांचे असे पडदे विनाशुल्क बदलून दिले आहेत, तेव्हा बाहेर खर्च करण्यापूर्वी सेवा केंद्रात जरूर विचारावे.

खुद्द कंपनीच्याच अपडेटने फोन बंद पडल्याचे मोठे प्रकरण म्हणजे शाओमीचा ‘मी ए३’ हा फोन. २०२१ च्या अगदी सुरुवातीला त्याला अँड्रॉइड ११ चे अपडेट आले आणि ते बसवलेले कित्येक फोन पुन्हा सुरूच होईनात. कंपनीने वितरण थांबवले आणि वॉरंटी संपलेली असली तरी सेवा केंद्रात विनाशुल्क दुरुस्ती करून देण्याचे जाहीर केले. त्या दिवसांत घाबरलेले लोक आमच्यासारख्या दुकानांत येत. मी त्यांना पैसे न घेता सेवा केंद्राकडे पाठवत असे.


उत्तर : खाडीपलीकडे

वरच्या दोन्ही उत्तरांतली माहिती बरोबर आहे, पण ती वाचून कोणी ‘थांबलेलेच बरे’ असा निष्कर्ष काढू नये. मी नवी मुंबईत संगणक सुरक्षेचे काम करतो आणि थांबण्याची किंमत जवळून पाहिलेली आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधली एक गंभीर त्रुटी बुजवणारा पॅच प्रसिद्ध केला. जवळपास दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच त्रुटीचा फायदा घेत ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. पॅच उपलब्ध होता. तो बसवलेला नव्हता. जून महिन्याच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ हा दुसरा घातक व्हायरस आला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेले आमच्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनलही त्यात सापडले. संगणक बंद, कंटेनरची नोंद हाताने, आणि बाहेर ट्रकांची रांग. त्या हल्ल्याचा उगम तर खुद्द एका अपडेटमध्ये होता. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरमध्ये शिरून हल्लेखोरांनी तिथूनच आपला घातक भाग लोकांच्या संगणकांवर पाठवला. अधिकृत वाटेवरही असे घडू शकते, तर कोणीतरी व्हिडिओखाली टाकलेल्या फाइलवर किती भरवसा ठेवायचा, याचा विचार करावा.

पॅच जाहीर झाला की धोका लगेच कमी होत नाही. ज्यांनी तो बसवला नाही, त्यांच्यासाठी तो वाढतो. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून नेमके काय बदलले, हे हल्लेखोर शोधतात आणि तिथून मूळ त्रुटीपर्यंत पोहोचतात. म्हणून मोठी आवृत्ती आणि सुरक्षा पॅच या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. नव्या रूपाची, नव्या सोयींची मोठी आवृत्ती दोन-तीन आठवडे उशिरा घेतली, तर काही बिघडत नाही. सुरक्षा पॅच मात्र आल्याबरोबर घ्यावा, आणि ज्या फोनवर पैशांचे व्यवहार होतात, त्यावर तर तो टाळूच नये.

हे ओळखायचे कसे? बाबांच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात अँड्रॉइडच्या आवृत्तीखाली सुरक्षा अपडेटची तारीख दिलेली असते. ऑगस्ट २०१५ पासून गूगल सुरक्षा त्रुटींची पत्रके नियमितपणे काढत आले आहे आणि ही तारीख त्या पत्रकाशी जोडलेली असते. सहसा ती महिन्याची १ किंवा ५ तारीख असते. १ तारीख असेल, तर अँड्रॉइडच्या मूळ भागातल्या त्रुटी बुजवलेल्या आहेत. ५ असेल, तर त्याखेरीज चिप आणि इतर सुट्या भागांशी निगडित त्रुटीही बुजवलेल्या आहेत. त्याच्याच जवळपास ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ अशी दुसरी तारीख दिसेल. अँड्रॉइड १० पासून यंत्रणेचे काही भाग फोन बनवणाऱ्या कंपनीची वाट न पाहता गूगलकडून थेट येऊ लागले, त्याची ही नोंद आहे. पहिली तारीख वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि कंपनीने त्या मॉडेलला पॅच देणेच बंद केले असेल, तर त्या फोनवर दुकानाचे व्यवहार ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.


पंचगंगातीर :

सर्वांचे मनापासून आभार. डेटा पुसणे आणि बाहेरची फाइल बसवणे, दोन्ही विचार सोडून दिले. बाबांच्या फोनची सुरक्षा तारीख पाहिली. ती मागच्या वर्षीच्या दिवाळीच्याही आधीची आहे आणि अपडेटची सूचना तशीच पडून आहे. त्यांना वरची उत्तरे वाचून दाखवली. फोन तापण्याचे कारण कळल्यावर त्यांचा विरोध मावळला, मात्र एकदा अपडेट घेतले की मागे जाता येते का, असे ते विचारत आहेत. शिवाय आमच्या आतेभावाने दुबईहून आणलेला एक फोन घरात आहे. त्याला इथली अपडेट मिळतील का?


उत्तर : अंबाझरी

नागपूरचा एक अनुभव सांगतो, कारण टप्प्यांची पद्धत मान्य असूनही एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत ५जी सेवा सुरू केली, त्यांत मुंबईबरोबर नागपूरही होते. शहरात सेवा आली, हातातल्या फोनवर खोक्यापासूनच ५जी असे छापलेले होते, आणि तरीही फोन ४जी वरच चालत होता. फोनमध्ये लागणारे सगळे सुटे भाग होते. भारतातल्या जाळ्यांसाठी ती सोय खुली करणारे सॉफ्टवेअर तेवढे नव्हते. प्रत्येक कंपनी आपापल्या मॉडेलची प्रत्येक सेवादात्याच्या जाळ्यावर चाचणी घेत होती. आयफोनला ते अपडेट १३ डिसेंबर २०२२ रोजी आयओएस १६.२ बरोबर मिळाले. चाचणीला वेळ लागतो, हे मला समजते. पण पैसे मोजताना जी गोष्ट आपल्याला विकली गेली, ती कधी चालू होणार, हे ग्राहकाला कळायलाच हवे.

तुमच्या मदत क्रमांकावर जे घडले, तेही मला म्हणूनच खटकते. अमुक टप्पा चालू आहे, अमुक कारणासाठी वितरण थांबवले आहे, एवढे दोन ओळींत संकेतस्थळावर लिहिणे कोणत्याही कंपनीला जड नाही. मायक्रोसॉफ्ट आता विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीतले माहीत असलेले दोष आणि त्यांपायी कोणत्या संगणकांना अपडेट रोखून धरले आहे, हे उघडपणे प्रसिद्ध करते. फोन कंपन्यांनी त्या मापाने स्वतःला का मोजू नये?


उत्तर : नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. अंबाझरी यांच्या मुद्द्याला जोडून इथल्या नियमांविषयी सांगते, कारण भारतातही अशी मागणी करता येईल. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटसाठी नवे नियम लागू झाले आहेत. मॉडेलची बाजारातली विक्री कंपनीने थांबवल्यापासून पुढे किमान ५ वर्षे अपडेट देण्याची तरतूद त्यांत आहे. वेळेचीही मर्यादा घातलेली आहे. मूळ यंत्रणेचे सुरक्षा अपडेट प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत ते ग्राहकाला उपलब्ध झाले पाहिजे, आणि नव्या सोयींच्या अपडेटसाठी ही मुदत ६ महिन्यांची आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, किती काळ सुरक्षा अपडेट देणार हे कंपनीने जाहीर करणे बंधनकारक आहे.

भारतात गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून ७ वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन दिलेले आहे, परंतु ही महागड्या फोनांची गोष्ट झाली. माझ्या आईवडिलांकडे साताऱ्याला जे फोन आहेत, त्या किमतीच्या फोनांच्या खोक्यावर अशी कोणतीही तारीख छापलेली नसते. फोन घेताना कॅमेरा आणि रॅम विचारतो, तसे ‘याला सुरक्षा पॅच कोणत्या वर्षापर्यंत मिळणार?’ हेही दुकानदाराला विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून पाहावे.


उत्तर : मुळाकाठ

खाडीपलीकडे यांचे म्हणणे मला पटते, फक्त एक पुस्ती जोडतो. सुरक्षेचे अपडेट आहे म्हणून टप्पे गाळले, तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी माहिती-फाइल जगभरातल्या ग्राहकांना एकदम पाठवली आणि १०.५७ ला मागे घेतली. तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. त्यानंतर अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने सोडण्याचे कंपनीने जाहीर केले. सुरक्षा पॅचचे टप्पे दिवसांऐवजी तासांचे असावेत, हे मी मान्य करीन. पण ते असावेतच.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, बसवतानाच काही बिघडले, तर नवे फोन स्वतःच मागे येतात. अँड्रॉइड ७ पासून आलेल्या पद्धतीत यंत्रणेच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. नवी आवृत्ती वापरात नसलेल्या प्रतीवर बसते, फोन तिच्यावरून सुरू करून पाहिला जातो, आणि तो नीट सुरू झाला नाही, तर जुन्या प्रतीवर परततो. सगळ्याच स्वस्त फोनांत ही सोय असेल, असे धरून चालू नये. एकदा फोन नीट सुरू झाला आणि काही दिवसांनी आवडला नाही म्हणून मागे जायचे ठरवले, तर बहुतेक फोनांत ते शक्य नसते, आणि जिथे असते तिथे सगळा डेटा पुसावा लागतो. बंद केलेले सुरक्षेचे दार कोणी जुनी आवृत्ती बसवून पुन्हा उघडू नये, यासाठी ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, मग निदान ८-१० जीबी जागा मोकळी, आणि मग दुकान बंद असते त्या वाराच्या आदल्या रात्री चार्जर लावून अपडेट. बरीच अपडेट साचलेली असतील, तर एकानंतर दुसरे येईल. सूचना संपेपर्यंत तपासत राहा. दुकान पुन्हा उघडण्यापूर्वी स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावरून एक रुपया पाठवून यूपीआय चालते आहे ना, हे पाहून घ्या. बँकेचे अ‍ॅप नव्या आवृत्तीवर पुन्हा पडताळणी मागू शकते, तेव्हा खात्याशी जोडलेले सिम त्याच फोनमध्ये असू द्या.

दुबईच्या फोनला सहसा तिथल्या विक्री-प्रदेशाच्या यादीप्रमाणे अपडेट येतात. इथे बसूनही ती इंटरनेटवरून उतरतात, पण तारीख भारतातल्या फोनांपेक्षा वेगळी असू शकते. इथल्या आवृत्तीची फाइल त्यावर बसवू नये. त्या फोनचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि ‘फोनविषयी’मध्ये दिसणारा बिल्ड क्रमांक इथे लिहिलात, तर तो कोणत्या प्रदेशाचा आहे हे पाहून सांगतो. आयएमईआय, म्हणजे फोनची स्वतंत्र ओळख असलेला क्रमांक, मात्र कुठेही उघडपणे लिहू नका.